पाठीवरची चिठ्ठी

टेलरमावशीचं आणि आकड्यांचं लहानपणापासून वाकडं. म्हणून इतर शिंपी कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचतात तिथे ती नाव टाचायची, आणि तेही गिऱ्हाइकाचं खरं नाव नव्हे, तिनं स्वतः ठेवलेलं. बँकेतले साहेब ‘माठ’, त्यांची बायको ‘आगगाडी’, गल्लीतले डॉक्टर ‘उद्या या’. कपडे देताना चिठ्ठी गुपचूप काढायची आणि साळसूदपणे म्हणायचं, साहेब, जरा बारीक झालात हं. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एका दुपारी शेजारच्या इमारतीतली नर्स लेकीचा शाळेचा स्कर्ट घेऊन आली. कंबर आत घ्यायची होती. मावशीनं मापाला टेप लावली आणि चपापली, कारण हाच स्कर्ट तिनं शाळा सुरू होताना शिवला होता. पोरगी जेवत नाही, नर्स सांगू लागली. नववीत आहे, उंच आहे, नव्या शर्टाच्या पाठीवर कुणीतरी ‘शिडी’ अशी चिठ्ठी लावली आणि वर्गाला आयतं कोलीत मिळालं. पंखा पुसायचाय, शिडी आणा. बल्ब गेला, शिडी लावा. शेवटी बाईंनी सगळ्यांना फैलावर घेतलं तेव्हा ते थांबलं, पण पोरगी काही शाळेत जायला तयार नाही.

शर्टही मावशीनंच शिवला होता, आणि चिठ्ठी काढायची राहून गेली होती. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी ती नर्सच्या घरी गेली, पोरीच्या बंद दाराशी उभी राहिली आणि ‘माठ’, ‘उद्या या’सकट सगळं कबूल केलं. दार काही उघडलं नाही. गप्प बसणं मावशीच्या स्वभावात नव्हतं. आता तर कुणी चिडवत नाही ना, मग कशाला मनाला लावून घ्यायचं, असं ती बोलून गेली आणि वर फुशारकीही मारली, “हवं तर तूच मला एक नाव ठेव. दिवसभर पाठीवर लावून फिरते. मला काही फरक पडत नाही.”

दार उघडलं. पोरीनं चिठ्ठी आणि टाचणी मागितली. अट एकच, दुकान बंद होईपर्यंत वाचायची नाही.

सकाळी पोरीनं पाठीवर चिठ्ठी टाचली आणि मावशी ऐटीत बाजारात शिरली. बटणवाला हसला. हसू दे मेल्याला. चहावाला कुणाच्या तरी कानात पुटपुटला. दोन बायका मागे वळून बघत गेल्या. पोरीनं लिहिलंय तरी काय, ‘भोपळा’ की ‘भोंगा’, की त्याहून वाईट? दुपारी साहेब मापाला आले तेव्हा मावशी भिंतीला पाठ लावूनच उभी राहिली, आणि माप घ्यायला त्यांनाच गोल फिरवलं. साहेबांना वाटलं नवी पद्धत असेल. चहा प्यायला ती गेलीच नाही. रस्त्यात कुणी खोकलं तरी तिचे कान तापायचे. ऊन कलायच्या आत तिनं शटर ओढलं, आतून कडी लावली, पाठीवरची चिठ्ठी ओरबाडून काढली आणि दिव्याखाली धरली.

चिठ्ठी कोरी होती. उलट करून पाहिली, तरी कोरीच.

ती तशीच तरातरा पोरीकडे गेली. “अगं, तू तर काहीच लिहिलं नाहीस. मग सगळे हसत का होते?”

“कोऱ्या चिठ्ठीला कोण हसणार, मावशी? सगळे आपापल्या कामात होते,” पोरगी म्हणाली. “शाळेतसुद्धा आता कुणी काही म्हणत नाही. तरी मला घरी बसूनही दिवसभर ऐकू येतं.”

मावशी पोरीशेजारी पलंगावर बसली, तिचा हात हातात घेतला आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या नर्सला हाक मारून म्हणाली, “ही नाटकं करत नाहीये गं. चांगला डॉक्टर शोध. उद्या मीही येते बरोबर.”

“तो ‘उद्या या’ नको,” पोरगी हळूच म्हणाली.