चौदा सेंटिमीटर

श्रीहरीने एकतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात सुतारकाम केलं. डब्यांचे दरवाजे, बाकं, खिडक्यांच्या चौकटी. निवृत्त झाल्यावर कमरीपेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्याने कामाचं टेबल मांडलं. बाहेर पाटी लावली नाही. ज्यांना त्याचं काम ठाऊक होतं ते येत. खोलीत एकच कायदा होता: चिकटवून शिकंज्यात दाबलेलं काम चोवीस तासांच्या आत उघडायचं नाही. घाई करणारा माणूस त्याला खोटं बोलणाऱ्यासारखाच वाटे.

मुलगी निवेदिता धारवाडला, सप्तापुरात भाड्याच्या खोलीत राहून कॉलेजात शिकवते. डिसेंबरात ती मैत्रिणींबरोबर गोव्याला, मोरजीच्या किनाऱ्यावर गेली आणि काईटबोर्डिंगचे धडे घेऊन आली. मोठा पतंग कमरेच्या पट्ट्याला जोडायचा, पाय फळीवर अडकवायचे, वाऱ्याने ओढलं की पाण्यावरून सरकायचं.

"संक्रांतीला गच्चीवर कधी उडवला नाहीस," तिची आई शालिनी म्हणाली. "आता पतंगच तुला उडवणार."

जानेवारीत निवेदिता एक कागद घेऊन अप्पांच्या टेबलापाशी आली. "अप्पा, मला आता फळीवर उभं राहता येतं. पण वारा एकाच बाजूला वाहून नेतो. जिथून निघाले तिथं परत येता येत नाही. साकेत, शिकवणारा, म्हणतो की या टप्प्यावर फळी नीट निवडायची. लांब, रुंद, जवळजवळ सपाट. ती पाण्यावर लवकर उचलली जाते, वाऱ्याकडे वर चढता येतं. आखूड फळ्या नंतर, उड्या मारायला लागल्यावर."

कागदावर लिहिलं होतं: लांबी एकशेचाळीस सेंटिमीटर, रुंदी बेचाळीस.

"विकतची बघत होते. मग म्हटलं, घरात सुतार असताना..."

"सुतार असताना काय?"

"काही नाही. जमेल का विचारतेय."

"मापं दिलीस ना? मग झालं."

त्याने आधी साचा केला, अगदी थोडा बाक असलेला. पातळ प्लायचे थर इपॉक्सीने चिकटवले, साच्यावर ठेवून चौदा शिकंजे आवळले. सकाळचे अकरा वाजले होते. उद्या अकराला उघडायचं.

संध्याकाळी विठ्ठलअण्णा आला, कारखान्यातला जुना सोबती. बाजारात निघाला होता, पिशवी हातात.

"एनप्पा, काय रे हे, आता सुतार समुद्रात?"

"लेकीचं काम आहे."

"बघू तरी."

"उद्या ये."

"उद्या बेळगावला चाललोय मी. महिनाभर. राहू दे मग."

श्रीहरीने क्षणभर हात पुसले. मग शिकंजे सैल केले. फळी निघाली, बाक सुरेख आला होता. विठ्ठलअण्णाने तिच्यावरून तळवा फिरवला, काही बोलला नाही, आणि कारखान्यात हीच मोठी शाबासकी असे. तो गेल्यावर श्रीहरीने टोक दाबून पाहिलं. थर सुटले होते. दुसऱ्या टोकालाही.

दुसऱ्या कोणाच्या हातचं काम असतं तर त्याने एकच शब्द वापरला असता: पुन्हा. पुन्हा म्हणजे प्लाय आणणं, कापणं, दाबणं, तीन दिवस. त्याने करवत घेतली आणि दोन्ही टोकं सात-सात सेंटिमीटर उडवली. कडा घासल्या, पॉलिश मारलं, पायांचे पट्टे बसवले. फळी देखणी दिसत होती. निवेदिताने ती छातीशी धरली. मापली नाही. अप्पांचं माप या घरात कधी कोणी तपासलं नव्हतं.

फेब्रुवारीपासून ती जमेल त्या शनिवारी मोरजीला जाई आणि रविवारी रात्री फोन करी.

"चढता येत नाहीये, अप्पा. पुन्हा चालत परत."

"किती वेळा पडलीस?"

"मोजलं नाही."

"मोजायचं. मोजलं नाही तर कष्ट केले म्हणायचं नाही. कष्ट कमी पडतात तुझे."

फोन ठेवला की त्याला करवतीचा आवाज आठवे. चौदा सेंटिमीटरने काय होतंय, असं तो स्वतःला सांगे. शालिनीने विचारलं तर म्हणे, नेट नाही पोरीत.

मे महिन्यात निवेदिता म्हणाली, "या शनिवारी शेवटचं. मग फळी तुम्हाला आणून देते. माझ्याच्याने होत नाही हे." आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळेच त्याला बसवेना. तो म्हणाला, "मीही येतो."

पहाटेची बस धरून ते गेले. दुपारी वारा सुटला. श्रीहरी वाळूत उभा राहिला. ती किनाऱ्यावरच्या लाल झेंड्यापासून निघाली, उभी राहिली, पाण्यावर जेमतेम सरकली, पुन्हा बुडाली आणि वाहत दूरच्या निळ्या झोपडीपाशी किनाऱ्याला लागली. मग डोक्यावर पतंग सांभाळत, काखेत फळी धरून चालत आली. पुन्हा निघाली. पाच वेळा. कष्ट कमी पडतात असं कोणी त्या वेळी म्हटलं असतं तर श्रीहरीने त्याचं तोंड बंद केलं असतं.

शिकवणारा साकेत बाजूला येऊन उभा राहिला. "काका, मला ही फळी पहिल्या दिवसापासून आखूड वाटत होती. हिला म्हटलं, मापून बघू. तर म्हणाली, अप्पांनी केलीय, माप चुकणार नाही."

श्रीहरी पाण्याच्या कडेला गेला. निवेदिता धापा टाकत होती.

"निवे, फळी एकशेसव्वीस आहे."

"काय?"

"एकशेचाळीसची केली होती. संध्याकाळीच उघडली, विठ्ठलअण्णाला दाखवायला. टोकं सुटली. कापली."

"मला द्यायच्या आधी?"

"आधी."

तिने फळी उलटी करून टोक बघितलं. "म्हणजे मी फोन करत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"कष्ट कमी पडतात म्हणालात."

"म्हणालो."

तिने फळी वाळूत ठेवली आणि साकेतकडे गेली. त्याच्याकडची लांब, ओरखडे पडलेली, सपाट फळी घेऊन ती पाण्यात उतरली. पहिल्यांदा झोपडीच्या अलीकडेच किनाऱ्याला लागली. दुसऱ्यांदा अर्ध्यावर. चौथ्या खेपेला ती जिथून निघाली होती त्याच लाल झेंड्यापाशी परत आली. साकेतने टाळ्या वाजवल्या. तिने अप्पांकडे पाहिलं नाही.

श्रीहरीने आखूड फळी काखेत मारली आणि निळ्या झोपडीपर्यंत चालत गेला, तिथून परत आला. येताना पावलं मोजली. सहाशे दहा, मऊ वाळूतली. चार महिन्यांत अशा किती खेपा झाल्या, हे विचारायला त्याला तोंड नव्हतं.

परतीच्या बसने अनमोडचा घाट ओलांडला. मग निवेदिता म्हणाली, "घरात प्लाय आहे?"

"आणतो."

"पुढच्या शनिवारी येते. दाबणार मी. रविवारी उघडणार पण मी. तोवर तुम्ही पुढच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही."

"विठ्ठलअण्णा आला तर?"

"त्यांनी पण नाही."

"बरं," श्रीहरी म्हणाला. आखूड फळी त्याच्या गुडघ्यांवर आडवी होती. मधल्या वाटेने कोणी गेलं की तिचं कापलेलं टोक त्यांना लागे, आणि तो दर वेळी ते आत ओढून घेई.