नापास झालेल्या इन्चार्ज सिस्टर

आमच्या इन्चार्ज सिस्टर माणसाचं तोंड नंतर बघायच्या, हात आधी. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी बोर्डीहून दोन बस बदलून तलासरीकडच्या त्या लहानशा रुग्णालयात पोचले, वाकून नमस्कार केला, तर म्हणाल्या, "नमस्कार राहू दे, बांगड्या काढ." साखरपुड्याची अंगठीसुद्धा उतरवायला लावली. मला असा राग आला म्हणता!

पाठीमागे आम्ही त्यांना 'सोवळेबाई' म्हणायचो. ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी त्या डॉक्टरांनाही अडवायच्या. "साहेब, जंतूला डिग्री वाचता येत नाही." डॉक्टर पुटपुटत नळाकडे जायचे.

एकदा जंतुसंसर्ग नियंत्रणाचं प्रशिक्षण झालं. चहा, सामोसे, पडद्यावर चित्रं आणि शेवटी पेपर. मला पैकीच्या पैकी. सिस्टर चक्क नापास! 'हात किती वेळ धुवावेत?' याला त्यांनी लिहिलं होतं, 'स्वच्छ होईपर्यंत.' शिकवायला आलेले सर म्हणाले, "सिस्टर, उत्तर सेकंदांत हवं होतं."

"सर, आमचा नळ करंगळीएवढा येतो. त्याला तुमचे सेकंद कोण शिकवणार?"

सर हसले, पण मार्क काही दिले नाहीत. माझं प्रमाणपत्र मात्र वॉर्डात लागलं, बरोब्बर बेसिनच्या वर. खाली साबण असायचा तो सिस्टरांनी घरून आणलेला. हातांना चोळायच्या जंतुनाशकाच्या बाटल्या आम्ही कपाटात कुलपात ठेवल्या होत्या. तपासणी आली की काढायच्या, गेली की परत आत.

आता माझ्या हुशारीची गोष्ट. सिस्टर रजेवर होत्या. सिझर झालेल्या दोघी शेजारच्या खाटांवर होत्या, त्यातल्या एकीच्या टाक्यांतून पू येत होता. मी ग्लोव्ह्ज घालून तिचं ड्रेसिंग केलं आणि त्याच ग्लोव्ह्जनी दुसरीच्या, उधवा गावच्या सुमनच्या, टाक्यांना हात घातला. मधे ग्लोव्ह्ज बदलायचे, हात धुवायचे, हे पेपरात मीच लिहिलं होतं. पण डबा संपत आला होता, आणि ग्लोव्ह्ज पुरवून वापरायचे ही आमची सगळ्यांचीच रीत. शिवाय माझे हात सुरक्षित होते ना!

तीन दिवसांनी सुमनला ताप भरला. टाके चिघळले, उघडावे लागले. बाळाला धड कुशीत घेता येईना. कोणीतरी लगेच म्हणालं, "ही गावाकडची माणसं स्वच्छताच पाळत नाहीत." ती बिचारी अजून घरी गेलीच नव्हती. तरी मी मान डोलावली. हो, मीच.

सिस्टर परतल्या. ड्रेसिंगच्या वहीत सही कोणाची ते त्यांनी पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "पेपर छान सोडवला होतास गं." मग अहवालात 'चूक वॉर्डाची' असं लिहून स्वतःची सही केली, साहेबांचा ठपक्याचा मेमोही स्वतःच्या नावावर घेतला. आणि मला हुकूम केला, "सुमनचं ड्रेसिंग रोज तूच करायचंस. दुसरं कोणी नाही."

रोज केलं. कोपरापर्यंत हात धुऊन केलं. सुमन दात आवळून पडून राहायची, आणि मी एकही दिवस तिला खरं सांगितलं नाही. भित्री होते मी. तेवढ्यात सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांच्या शिस्तीचं तोंड भरून कौतुक केलं. मेमो तेव्हा फायलीतच होता.

पुढच्याच आठवड्यात सुमन घरी निघाली. जखम भरली होती. निघताना तिने बाळ माझ्या हातात दिलं, आणि मला राहवेना. म्हटलं, "सुमन, तुझे टाके माझ्यामुळे बिघडले."

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "मोठ्या सिस्टर आल्या त्याच दिशी बोलल्या मना. इचारलं, दुसरी बाय देऊ का? मी बोलले, नको. जिनं बिघाडलं तिलाच करू दे. ती आता इसरायची नाय."

बाळाला छातीशी धरून मी सगळ्या वॉर्डादेखत ढसाढसा रडले. सिस्टरांनी मला साहेबांपासून वाचवलं होतं. सुमनपासून नाही.