पाटाच्या मागे लिहिलेलं

देवावर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाई मूळचीच भाविक, तिला सगळीकडे देवच दिसतो. ज्या हाताने पंचवीस वर्षं जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखले, तोच उजवा हात त्याने मोडू दिला. पेणहून कामावर निघाले होते, सहा आसनी रिक्षात कडेला बसले होते, मागून ट्रक आला. मनगटात पट्टी बसवली, हाड जुळलं, पण अंगठा आणि बोटाची चिमूट काही जुळली नाही. देवाला वाहायचं कुंकू चिमटीत राहत नाही, तिथे ब्रश काय राहणार? यजमान जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे माणसं यायची, त्यातलंच कोणी जाताजाता मलाही बरं वाटतंय का विचारायचं. तेवढ्यासाठी मी सकाळपासून चार वाजायची वाट बघायचे.

हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मी जी चूक केली, ती आमच्या कारखान्यातलंच माणूस करील. मूर्ती रंगवून झाली की सगळ्यात शेवटी डोळे आखायचे. तेव्हा कोणी बोलत नाही, आणि झाल्यावर ‘हे मी केले’ असं तर कोणी म्हणतच नाही. डोळे देव उघडतो, आपण नुसता ब्रश धरायचा. मालकांच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं, आणि मी ते गाठीला बांधून ठेवलं. हवालदाराने विचारलं, काय काम करता? मी म्हटलं, "मी कुठे काय करते, तो करून घेतो." बिचाऱ्याने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. शेवटी त्याने लिहिलं, घरकाम. उजवा हात बांधलेला, म्हणून मी खाली डावा अंगठा उठवला आणि वर हवालदारालाच नमस्कार केला.

घरी आल्यावर कळलं की अशा अपघाताची भरपाई मागता येते. पण कागदावर घरकाम. ज्याने त्याने कागद बघून मान हलवली. मालकांकडे गेले, म्हटलं, मी तुमच्याकडे काम करत होते एवढं लिहून द्या. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, पण घाबरट. त्यांच्याकडे कामगारांची नोंदच नव्हती. म्हणाले, मावशी, उद्या माझ्याच अंगाशी येईल. म्हणजे पंचवीस वर्षं मी कुठे होते, तर कुठेच नव्हते. हात गेल्याचं दुःख होतंच, पण तो हात काही करत होता हेही कोणी म्हणेना, ते मात्र मला सहन होईना. पुढे खायचं काय, हा प्रश्नही रोज उशाशी होताच.

माझं माहेर रोह्याचं. भाऊ गेल्यापासून घराला कुलूप आहे, पण गावचे दैवत धावीर महाराज कुठे जातात? एसटीने गेले, नमस्कारही न करता देवळात जाऊन बसले. भांडायलाच गेले होते. जे काय बोलायचं ते मनात बोलून घेतलं. शेजारी सत्तरीची एक बाई प्रसाद वाटत होती. सवयीने उजवा हात पुढे केला आणि खोबऱ्याचा तुकडा बोटांतून खाली पडला. तिने तो उचलला नाही, आधी माझा हात उचलला. कोणी माझा हात असा हातात घेतल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे, मला रडूच फुटलं. मग पिशवीतले कागद काढून सगळं सांगितलं.

तिने चष्मा लावून जबाब वाचला. "खोटं का सांगितलंस गो?"

मी म्हटलं, देवाच्या पुढे मोठेपणा कसा सांगायचा?

"देवाने नाय विचारलं तुला, हवालदाराने विचारलं."

मग ती कामाचं बोलली. पेणच्या कोर्टात विधी सेवेचं कार्यालय आहे, तिथे बायकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. अर्जाला मुदत असते, ती जाऊ देऊ नकोस. आणि मालक बोलत नसेल तर गिऱ्हाईक बोलेल. मी मनात म्हटलं, गिऱ्हाईक ओळखतं कुणाला? आम्ही आतल्या खोलीत बसणारी माणसं.

कार्यालयात गेले. वकीलबाई मिळाल्या, माझ्या निम्म्या वयाच्या, पण कान देऊन ऐकणाऱ्या. अर्ज मुदतीत गेला. साक्षीदार आणा, म्हणाल्या. कुठून आणू? आठवडाभर घरात बसून राहिले. मग ठरवलं, कारखान्यात माझा ब्रश पडलाय तो तरी घेऊन येऊ, म्हणजे त्या जागेशी संबंध संपला.

ब्रश घेऊन दाराशी आले तर पेणचे एक निवृत्त गुरुजी पाट घेऊन उभे. आमच्याकडे गिऱ्हाईक मूर्ती बसवायचा आपला पाट आधी आणून देतं आणि मालक त्याच्या मागे नाव, उंची, रंग लिहून ठेवतात. तोच पाट वर्षानुवर्षं येतो, पण तो बाहेरच्या खोलीत राहतो, आत आमच्याकडे मूर्ती तेवढी येते. गुरुजींनी तो उलटा करून भिंतीला टेकवला. मागे मालकांच्याच अक्षरात, लाल रंगाने, वर्षावर्षाच्या ओळी. दीड फूट. पितांबर पिवळं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी: डोळे मावशींकडूनच.

मी एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले. गुरुजी एकदा माझ्याकडे, एकदा हातातल्या ब्रशकडे बघत म्हणाले, "त्या मावशी तुम्ही होय? आईने मालकांना विचारून ठेवलं होतं डोळे कोणाचे ते, तिला दुसऱ्या कुणाचे चालायचे नायत." इतकी वर्षं कोणीतरी माझं नाव काढत होतं आणि मला पत्ताच नव्हता.

दावा अलिबागला जिल्ह्याच्या कोर्टात चालला, तिथे गुरुजी पाट घेऊन आले. मालकांनीही मान खाली घालून का होईना, अक्षर आपलंच म्हणून सांगितलं. मला विचारलं, काय काम करता? त्या म्हातारीचा शब्द आठवला. "मी गणपतीचे डोळे आखत होते. पंचवीस वर्षं. मी." तोंडातून ते निघालं आणि देव रागावला असं काही मला वाटलं नाही.

निकाल माझ्या बाजूने लागला. जे मिळालं त्यात माझं एकटीचं भागतं. निकालाचा कागद इंग्रजीत, म्हणून वकीलबाईंकडून त्यातलं एकच वाक्य मी तीनदा मराठीत वाचून घेतलं, अर्जदार ही मूर्तींचे डोळे आखणारी कारागीर होती.

रोह्याला पुन्हा दोनदा गेले, ती बाई दिसली नाही. गुरवाला विचारलं, त्याला आठवेना. ती कोण होती हे मी ठरवत बसले नाही. रोह्यात शहाण्या बायका काय कमी आहेत? पण माझा हात तिने हातात घेतला तेव्हा मी एकटी नव्हते, एवढं मला ठाऊक आहे. आणि एक कळलं. सगळं तुझंच, सगळं तुझंच, असं मी जन्मभर म्हणत आले. पण जे माझं म्हणून कधी हातात धरलंच नाही, ते त्याला वाहणार कसं?

तिसऱ्या खेपेला ब्रश घेऊन गेले. डाव्या हाताने तो पायाशी ठेवला. गुरवाने विचारलं, हे काय?

म्हटलं, "माझं होतं. आता त्याचं."