डोंगराच्या अंगाला

आज सरावलीच्या नाक्यावर कंपनीच्या बसने करकचून ब्रेक मारला आणि तापलेल्या लोखंडाचा वास नाकात शिरला. तोच वास, माथेरानच्या मिनी ट्रेनचा.

मी नऊ वर्षांची असेन. आम्ही नेरळकडे उतरत होतो. इंग्रज साहेबाला उन्हाळ्यात गारवा हवा होता, म्हणून डोंगर कापून हे रूळ घातले, असं ब्रेकवाला डब्याच्या टोकाला चाक फिरवत सांगत होता.

"साहेबाला समुद्राचा वारा पुरला नाय?" बाबा पुटपुटले. ते एडवणचे तांडेल. भर वादळातून होडी किनाऱ्याला आणणारा माणूस.

तेवढ्यात वळणावर डबा दरीकडे कलला, चाकं किंचाळली आणि गाडी तशीच थांबली. खाली नुसतं धुकं.

बाबा ताडकन उठले. "डोंगराच्या अंगाला सरा रे सगली!" होडी कलली की खलाशांवर ओरडायचे, अगदी तसे. आई, आम्ही भावंडं, अनोळखी माणसंसुद्धा त्या आवाजाने मुकाट सरकली.

"अहो, ही काय होडी आहे? बसा जागेवर!" ब्रेकवाला खेकसला. लोक हसले, गाडी हलली. मी मात्र शरमेने घरी पोहोचेपर्यंत बाबांकडे पाहिलं नाही.

आज त्या वासाबरोबर तो डबा मनात पुन्हा कलला आणि तेव्हा बघूनही न कळलेलं कळलं. आम्हाला डोंगराकडे ढकलून बाबा स्वतः दरीकडच्या दारात, दोन्ही हात पसरून उभे होते.

होडी कलली की तांडेलही वरच्या बाजूला सरकतो. बाबा सरकले नव्हते.