सशाचा उजवा डोळा

प्रयोगशाळेत तिला सगळे बॅटरीबाई म्हणायचे. जनावरांची डॉक्टर, पण काम फक्त डोळ्यांचं. सशांच्या उजव्या डोळ्यात सुईनं नवं औषध टोचायचे, डाव्यात नुसतं मिठाचं पाणी. मग ही बाई पडदे ओढून, बॅटरी घेऊन एकेका डोळ्यात डोकावत बसायची. ससा चुळबुळला की त्यालाच झापायची, "थांब की जरा, कुठं लग्नाला जायचंय तुला?"

औषध होतं उतारवयात अंधुक होणाऱ्या नजरेसाठी. तिच्या आईचीच नजर तशी चाललेली. समोरच्याचे कान दिसायचे, चेहरा नाही. "तुझं औषध येतंय ना गं?" आई रोज विचारायची. येतंय येतंय, बाई सांगायची.

आणि नेमका त्यानंच घात केला. सगळ्या सशांचे उजवे डोळे आतून सुजून गढूळ झाले.

"सुई लागली असेल. तसंच लिहा," साहेब म्हणाले.

"सुई डाव्या डोळ्यातही गेलीय साहेब. तो कसा लख्ख आहे?"

"थोडा काणाडोळा करा हो. निदान आईचा तरी विचार करा."

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिचाच करतेय! हे उद्या तिच्याच डोळ्यात जाणार. औषधानं सूज आली, असंच लिहिणार मी. काढायचं तर काढा मला!"

तिथं तोंड चाललं, घरी चालेना. कसंबसं आईला सगळं सांगितलं. आई भडकलीच.

"म्हणजे मी आंधळीच मरायचं? सशांचा एवढा पुळका, आणि आई गेली उडत?"

"अगं, त्यांना त्या डोळ्यानं आता दिसतच नाही!" बाईला रडू फुटलं.

 आईनं हात पुढे करून लेकीचे गाल चाचपले, ओले लागले तसे पदरानं पुसले.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. आईनं तो हिसकावूनच घेतला.

"माझा विचार करा म्हणालात ना? मीच बोलतेय. नजर माझी गेलीय, लेकीची नाही. तिला दिसलं तेच ती लिहील. काणाडोळा करायला दुसरं कुणीतरी गाठा!"

फोन बंद कुठं करायचा ते तिला दिसेना. तिनं तो परत कानाला लावला.

"ऐकू आलं ना? की पुन्हा सांगू?"