भांड्याचं बूड

आमच्या सामायिक विहिरीच्या तळाला मी उभं बोर पाडलं आणि होतं ते पाणी घालवलं. वर मी तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. खडकांचे तीन प्रकार मला झोपेत विचारा.

केंदूरच्या या विहिरीत निम्मा वाटा आमचा, निम्मा सखारामआबांचा. चार दिवस पाण्याची पाळी माझी, चार दिवस त्यांची. आबांचा जन्म विहिरी खोदण्यात गेला. पहार आपटून तिच्या आवाजावरून खाली काय आहे ते सांगायचे. एकदा मी त्यांना शहाणपण शिकवायला गेलो. लाव्हा निवला की अग्निजन्य खडक, गाळ साचून दबला की स्तरित, आणि यातला कुठलाही उष्णतेनं, दाबानं बदलला की रूपांतरित.

आबांनी सगळं ऐकलं आणि विहिरीतल्या दोन काळ्या थरांमधल्या वीतभर तांबड्या पट्ट्याकडे बोट केलं.

"खालचं काळं पयलं आलं, निवलं. लई काळ गेला, त्याच्यावर माती झाली. मग वरचं काळं आलं आन् त्यानं ती माती इटंवानी भाजली. हिला तुझ्या कुठल्या खणात घालतूस?"

"ते परीक्षेला येत नाही, आबा."

"पाणी तिच्यावरनंच येतं."

पाणी वाढवायचं तर तांबड्याच्या वर आडवी बोरं मारा, खालच्या काळ्याला हात लावू नका, हे त्यांचं कायमचं सांगणं. "ते आपल्या भांड्याचं बूड हाय," म्हणायचे. मी मान हलवायचो आणि मोबाइल बघायचो.

आबा दौंडला लेकीकडे गेले आणि माझी पाळी लागली. तेवढ्यात बोरच्या मशीनचा एजंट आला. "सर, खाली नदी हाय बघा." या माणसानं आमच्या विहिरीत डोकावूनही पाहिलं नव्हतं. त्याला मी खुर्ची दिली, चहाबरोबर बिस्किटं दिली. आबांना कधी साधं बसा म्हटलं नव्हतं. आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मशीन दुपारभर धडधडलं. सकाळी विहिरीचा तळ उघडा. सगळं पाणी त्या भोकातून खालच्या फटीत निघून गेलेलं. शेजारी आबांचा कांदा पोसायला लागला होता, दोन पाण्यांचाच राहिला होता.

आबा परतले ते सरळ विहिरीवर.

"कुणाला इचारलंस?"

"माझी पाळी होती, आबा."

"पाळी पाण्याची हाय. बुडाची न्हाई." त्यांनी उघड्या तळावर एक खडा टाकला. "त्यो मशीनवाला गेला दुसऱ्या गावाला भोकं पाडाया. कांदा माझा जळतुया. आत उतरून बघितलं न्हाई त्याचं ऐकतूस, आन् आतच जलम काढला त्याचं न्हाई?"

शेवटी चिकणमाती आणि सिमेंट ठासून बोर बुजवायला त्या वयात आत उतरले ते आबाच. हळूहळू विहिरीनं पाणी धरलं. कांदा गेला तो गेलाच.

आबांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. त्या वेळी, बोर बुजवून ते वर आले तेव्हा, काहीतरी भरपाई म्हणून मी म्हणालो, "आबा, एकदा शाळेत या. पोरांना खडक समजावून सांगा. मी तुमची ओळख करून देतो."

आबा हातपाय धूत होते. वर न बघता म्हणाले, "वळख नगं. तू पोरांच्यात खाली बस, आन् लिवून घे."