ढोलीतली पेटी

"भाता नोको मारू! नोको मारू म्हणून राहिलो ना, बहिऱ्या!" दंडारीचे म्होरके सुकराममामा मंचावरून ओरडत होते. आणि मी मारत होतो.

आमचं गाव संगीताचं आहे. इथं तान्हं पोर रडतं तेही काळी चारात, आणि म्हैस हंबरली तर शेजारचे म्हातारे माना डोलावतात. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, भरदुपारी दंडार रंगते, मिशीवाले गडी लुगडं नेसून नाचतात. आणि पेटीवर बसतो तो आमच्याच घरचा माणूस. आजा बसला, बाप बसला. यंदा मात्र सरपंचाचा जावई गोंदियाहून इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन आला होता! मामांनी मला बजावलं, "तुह्या पेटीनं दगा देला, का जागा जावयाची."

जागा जाऊ देईन? मी? ओलाव्यानं पेटीचे सूर बिघडतात आणि धान ओलावा ओढून घेतं, असं मी ऐकलं होतं (कुठं, ते विचारू नका). म्हणून नव्या धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, मी तिला पार पुरून ठेवली.

"काऊन जी, आंबा हाय का थे पिकवाले?" बायको म्हणाली.

मी लक्ष दिलं नाही. संगीतातलं तिला काय कळतं!

मंचावर पहिला सूर धरला, तो सुटेचना. पट्टीखाली धान अडकलेलं! बोट उचललं तरी सूर ठणाणा चालूच, आणि इतका वरचा, की त्याला गाठता गाठता लुगड्यातल्या धनराजभाऊंचा आवाज फाटला. जावई कीबोर्ड पोटाशी धरून गालात हसला. झालं! मी आणखी जोरात भाता हाणला. जितका जोर, तितकं धान बाहेर! फटीतून, भोकातून, जिथून सूर यायचे तिथूनही धानच.

पहिली कोंबडी मंचावर चढली. मागोमाग मंडईत विकायला आणलेले कोंबडे, पायातल्या दोऱ्यांसकट. मग एक बकरी. मग बकरीचा मालक.

"अबे, बंद कर!"

"सूर धरून हावो, मामा!"

"सूर सोड, कोंबडा धर!"

धनराजभाऊ कोंबड्यांतून असे काही उड्या मारत नाचले, की पब्लिकनं 'वन्स मोअर'चा गिल्ला केला. मला वाटलं, जिंकलो!

पांगापांग झाल्यावर मी ऐटीत विचारलं, "मग मामा, पुढच्या साली पेटीवर मीच ना?"

मामांनी मिशीतलं धानाचं फोल काढलं.

"कायले? मळनी तं झाली."